बाई मोकळी झाली : बाळंतपणाच्या सुखाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड

१.
मराठीत बाळंतपणाची बातमी सांगण्याची एक जुनी रीत आहे : "बाई मोकळी झाली." काही घरांत "सुखरूप सुटली" असेही म्हणत. मुलगा की मुलगी, हा प्रश्न त्यानंतरचा. या दोन्ही शब्दप्रयोगांत बाळाच्या आधी आईचा उल्लेख येतो. इतिहासाच्या कागदपत्रांत मात्र असे क्वचित घडते. तिथे वंश, वारस आणि मृत्यूंचे आकडे सापडतात. प्रसूत होणाऱ्या स्त्रीला काय वाटले, हे फार थोड्या ठिकाणी नोंदलेले आहे.

२.
तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काही स्त्रियांनी स्वतःच्या बाळंतपणाविषयी समाधानाने, क्वचित अभिमानानेही लिहिलेले आढळते. या अनुभवांत समान असे काय होते? वेदना नव्हत्या म्हणून ते सुखाचे झाले, असे सहज वाटते. पुरावे एवढे सरळ उत्तर देत नाहीत. या थ्रेडमध्ये त्या उत्तराचा माग बॉस्टनपासून पुण्यापर्यंत आणि पॅरिसपासून ग्वातेमालापर्यंत घेतला आहे.

३.
प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. बाळंतपणाची भीती काल्पनिक नव्हती. जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि अडलेली प्रसूती यांनी जगभर असंख्य स्त्रियांचे प्राण घेतले. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे म्हणतात ते याच अनुभवातून. विसाव्या शतकात सल्फा औषधे, प्रतिजैविके, रक्तसंक्रमण आणि सुरक्षित सिझेरियन यांमुळे हे चित्र पालटले. पुढील इतिहास हा वैद्यकाच्या विरोधातील इतिहास नाही, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

४.
७ एप्रिल १८४७. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज. कवी हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो यांची पत्नी फॅनी प्रसूत होत होती. शस्त्रक्रियेत ईथर देण्याचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक जवळच्याच बॉस्टनमध्ये सहा महिन्यांपूर्वी झाले होते. पण बाळंतपणात ते देण्यास डॉक्टर धजावत नव्हते. अखेर नेथन कीप या दंतवैद्याने ते दिले. अमेरिकेत प्रसूतीत ईथर घेणारी पहिली स्त्री म्हणून फॅनीची नोंद आहे.

५.
पुढे नणंदेला लिहिलेल्या पत्रात फॅनीने कबूल केले की घरच्यांना तिचे हे धाडस अविचाराचे वाटले होते. पण इतर स्त्रियांच्या यातना कमी करण्याच्या वाटेवर आपण पहिले पाऊल टाकले, याचा तिला अभिमान वाटत होता. पत्रात औषधाच्या गुणाइतकेच महत्त्व या भावनेला आहे. तिच्या बाळंतपणात जे घडले ते तिच्या इच्छेने घडले होते.

६.
त्याच वर्षी एडिंबरामध्ये जेम्स यंग सिम्पसन यांनी प्रसूतीत आधी ईथर आणि नोव्हेंबरपासून क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. लगेच वाद उभा राहिला. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात ईव्हला वेदनेने प्रसवण्याचा शाप आहे. तो टाळणे म्हणजे ईश्वरी इच्छेचा भंग, असा एक आक्षेप होता. सिम्पसन यांनी पुस्तिका लिहून उत्तर दिले : मूळ हिब्रू शब्दाचा रोख कष्टांकडे आहे, आणि ॲडमची फासळी काढण्यापूर्वी ईश्वराने त्यालाही गाढ झोप दिलीच होती! युक्तिवाद चतुर होता. पण वाद करणारे जवळजवळ सारे पुरुष होते आणि जिला कळा येत होत्या तिला कोणी काही विचारत नव्हते.

७.
एका स्त्रीला मात्र विचारावेच लागले. ७ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे फॅनीच्या प्रसूतीनंतर बरोबर सहा वर्षांनी, इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आठव्यांदा बाळंत झाली. डॉ. जॉन स्नो यांनी रुमालावर थोडे थोडे क्लोरोफॉर्म घेऊन ५३ मिनिटे तिला हुंगवले. राणी बेशुद्ध झाली नाही. कळांची धार तेवढी बोथट झाली. हेच स्नो पुढल्या वर्षी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंप आणि कॉलरा यांचा संबंध दाखवून अजरामर झाले.

८.
राणीने रोजनिशीत या औषधाविषयी भरभरून कृतज्ञता व्यक्त केली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने नापसंती दर्शवली, तरी १८५७ मध्ये धाकट्या बिअट्रिसच्या वेळी तिने स्नो यांनाच पुन्हा बोलावले. मागील सात बाळंतपणांचा अनुभव तिच्या गाठीशी होता; काय हवे ते तिला ठाऊक होते आणि ते मागण्याचा अधिकारही तिच्याजवळ होता. परंतु तिचा अधिकार सिंहासनामुळे आलेला होता. ज्या स्त्रीजवळ सिंहासन तर सोडाच, सन्मानाने जगण्याची मुभाही नाही, तिचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर दहा वर्षांनी पुण्यात मिळाले.

९.
१८६३. पुण्यात एका ब्राह्मण विधवेने लोकापवादाच्या भीतीने आपले नवजात मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. बालविवाह रूढ, पुनर्विवाह निषिद्ध. अशा समाजात विधवेचे गरोदरपण म्हणजे गर्भपात, बालहत्या किंवा विहीर यांपैकी एक वाट. या घटनेने व्यथित होऊन जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातील आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले.

१०.
या गृहाची जाहिरात पुण्यात भिंतींवर लावण्यात आली. तिचा आशय असा होता की विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, आणि मूल सोबत न्यावे की येथे ठेवावे, हे त्यांच्या खुशीवर राहील. यातला शेवटचा भाग अपूर्व आहे. ज्या स्त्रीचा देह, केस, वस्त्रे आणि आहारदेखील इतरांच्या निर्णयाने ठरत असे, तिच्यापुढे प्रथमच कोणीतरी पर्याय ठेवत होते. सुरक्षितता आणि गुप्तता यांच्याच पंक्तीत त्या जाहिरातीने तिची 'खुशी' बसवली.

११.
१८८४ मध्ये जोतीरावांनी सरकारला पाठवलेल्या टिपणात, तोवर पस्तीस विधवा या गृहात बाळंत झाल्याचे नमूद आहे. सावित्रीबाई त्यांची शुश्रूषा स्वतः करीत. १८७४ मध्ये जीव देण्याच्या बेतात असलेल्या काशीबाई नावाच्या विधवेला या घरात आसरा मिळाला. तिचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंबरोबर रुग्णसेवेत उतरला. त्याच साथीत सावित्रीबाईंचे निधन झाले.

१२.
याच काळात दुसरी एक मराठी मुलगी बाळंतपणाच्या दुःखद अनुभवातून नवी दिशा शोधत होती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. बाळ अवघे दहा दिवस जगले. पुरुष डॉक्टरांपुढे संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, ही भूमिका त्यांनी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या (बंगाल) भाषणात जाहीरपणे मांडली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता : आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पुढल्याच वर्षी, बाविशी पूर्ण होण्याआधी, क्षयाने त्यांचा अंत झाला. प्रसूतीच्या वेळी उशाशी कोण असावे, हा प्रश्न मात्र त्यांनी मागे ठेवला.

१३.
विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत बाळंतपण घरातून रुग्णालयाकडे सरकू लागले. त्या वळणावर जर्मनीतील फ्रायबुर्ग येथून एक नवी पद्धत पुढे आली. डॉ. क्रोनिग आणि डॉ. गाउस हे प्रसूत होणाऱ्या स्त्रीला मॉर्फिन व स्कोपोलामीन देत. मंद प्रकाश, शांत खोली, सतत देखरेख. स्त्री जागी असे, कळाही येत. पण नंतर तिला काहीच आठवत नसे. या अवस्थेला 'ट्वायलाइट स्लीप', म्हणजे संधिप्रकाशातील निद्रा, असे नाव पडले.

१४.
जून १९१४ मध्ये अमेरिकेतील 'मॅक्ल्युअर्स' मासिकात यावर लेख आला आणि स्त्रियांची एक चळवळच उभी राहिली. त्याच वर्षी 'नॅशनल ट्वायलाइट स्लीप असोसिएशन' स्थापन झाली. मताधिकाराच्या लढ्यातील अनेक कार्यकर्त्या तिच्यात होत्या. स्त्रियांनी सभा घेतल्या, मोठ्या दुकानांत व्याख्याने दिली, डॉक्टरांना जाब विचारला. वेदना भोगायच्या की नाही हे आम्ही ठरवू, ही त्यांची मागणी होती. झोप मागणाऱ्या या स्त्रिया त्या अर्थाने पूर्ण जाग्या होत्या.

१५.
फ्रायबुर्गला जाऊन बाळंत झालेल्या ब्रुकलिनच्या श्रीमती कारमोडी या चळवळीच्या आघाडीच्या प्रचारक होत्या. १९१५ मध्ये पुढच्या बाळंतपणात रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. औषधाचा त्याच्याशी संबंध नसल्याचे सांगण्यात आले, तरी चळवळीचा जोर ओसरला. औषध मात्र रुग्णालयांत राहिले. फ्रायबुर्गची शांत खोली आणि प्रत्येकीवरचे व्यक्तिगत लक्ष मागे पडले. औषधाच्या गुंगीत तडफडणाऱ्या स्त्रियांना पलंगाला बांधण्याचे प्रकार सर्रास होऊ लागले. १९५८ मध्ये 'लेडीज होम जर्नल'ने प्रसूतिकक्षांतील क्रौर्यावर वाचकांचे अनुभव छापले, तेव्हा हे उघड्यावर आले. स्त्रियांनी मागून घेतलेली सोय त्यांना न विचारता लादली गेली होती.

१६.
दरम्यान इंग्लंडमध्ये डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये 'नॅचरल चाइल्डबर्थ' हे पुस्तक लिहिले. भीतीमुळे शरीर आक्रसते, आक्रसल्याने वेदना वाढते, वाढत्या वेदनेने भीती आणखी बळावते, असे चक्र त्यांनी मांडले. उपाय : माहिती, विश्रांती आणि धीर. मातृत्व हेच स्त्रीचे परमकर्तव्य, ही त्यांची जोडभूमिका आज खटकते. पण अज्ञान हेही वेदनेचे एक कारण आहे, हा विचार टिकला.

१७.
सोव्हिएत संघात, खार्किवमध्ये, वेल्वोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाव्हलॉव्हच्या प्रतिक्षिप्त क्रियेच्या सिद्धान्तावर याच दिशेची दुसरी पद्धत उभारली. युद्धानंतर औषधांची टंचाई होती, हेही तिच्या प्रसाराचे एक कारण. १९५१ मध्ये सरकारने ती देशभर स्वीकारली. त्याच वर्षी फ्रेंच डॉक्टर फर्नांड लमाझ लेनिनग्राडला गेले. तेथे एका स्त्रीला त्यांनी शांतपणे, शुद्धीत, कोणत्याही औषधाविना प्रसूत होताना पाहिले आणि साठीच्या या अनुभवी डॉक्टरांनी आपले शास्त्र नव्याने शिकायला घेतले.

१८.
पॅरिसच्या रू द ब्लुए या रस्त्यावर धातुकामगारांच्या संघटनेने चालवलेले एक प्रसूतिगृह होते. १९५२ मध्ये लमाझ यांनी तेथे ही पद्धत सुरू केली. कामगार कुटुंबांतील गरोदर स्त्रिया वर्गात बसून गर्भाशयाची रचना शिकत, श्वासाचा सराव करीत. कळा येताना काय घडते हे त्यांना आधीच ठाऊक असे. पतीलाही सोबत येता येई. फ्रेंचमध्ये कळांना 'वेदना' हाच शब्द रूढ होता. येथे तो टाळून 'आकुंचन' म्हणत. आपल्याकडील 'कळा' आणि 'वेणा' हे दोन्ही शब्दही वेदनेचेच आहेत, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

१९.
शीतयुद्धाच्या काळात कम्युनिस्ट देशातून आलेली ही पद्धत साहजिकच संशयास्पद ठरली. पण ८ जानेवारी १९५६ रोजी पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांसमोरील भाषणात, या पद्धतीत धर्माच्या दृष्टीने गैर काही नाही, असा निर्वाळा दिला. सिम्पसन यांना ज्या वचनासाठी पुस्तिका लिहावी लागली होती, त्याच वचनाचा प्रश्न १०९ वर्षांनी व्हॅटिकनमध्ये असा निकालात निघाला.

२०.
मार्जरी कारमेल ही अमेरिकन स्त्री १९५५ मध्ये पॅरिसला लमाझ यांच्या देखरेखीखाली बाळंत झाली. हा अनुभव तिने १९५९ मध्ये पुस्तकरूपाने लिहिला. पुढल्याच वर्षी एलिझाबेथ बिंग यांच्यासह तिने अमेरिकेत या पद्धतीच्या प्रसारासाठी संस्था काढली. नाझी जर्मनीतून निसटलेल्या बिंग या फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांना 'नैसर्गिक प्रसूती' हा शब्द आवडत नसे. 'पूर्वतयारीची प्रसूती' असे त्या म्हणत. औषध घ्यावे की घेऊ नये हे त्या तयारीतून स्त्रीनेच ठरवायचे होते.

२१.
याही पद्धतीला एक डाग आहे. पॅरिसच्या त्या प्रसूतिगृहात प्रसूतींना श्रेणी दिल्या जात : उत्कृष्ट, चांगली, आणि अपयशी. जी किंचाळली ती नापास! स्त्रीच्या मुक्तीसाठी आणलेली पद्धत अशा रीतीने तिचीच परीक्षा घेऊ लागली. आजही सिझेरियन झालेल्या किंवा एपिड्युरल घेतलेल्या कित्येक आयांना आपण कुठे तरी कमी पडलो असे वाटते. त्या अपराधभावाची मुळे या गुणपत्रिकेपर्यंत मागे जातात.

२२.
आता दोन चळवळी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९१४ च्या स्त्रियांनी झोप मागितली, १९६० च्या स्त्रियांनी जाग मागितली. वरकरणी मागण्या परस्परविरोधी आहेत. पण दोन्ही वेळी स्त्री म्हणत होती की माझ्या शरीरात घडणाऱ्या या घटनेत माझा शब्द चालावा. आणि दोन्ही वेळी तो शब्द तिच्या हातून सुटला की तीच पद्धत जाचक ठरली. फॅनी, व्हिक्टोरिया आणि पुण्यातील 'खुशी' यांचा धागा येथे येऊन जुळतो.

२३.
पुढे या जाणिवेला आकड्यांचे पाठबळ मिळाले. ग्वातेमालातील एका गर्दीच्या रुग्णालयात गरोदर स्त्रिया एकट्याच कळा देत. संशोधकांनी त्यांतील काहींजवळ एक साधी स्त्री बसवली. ती ना डॉक्टर होती, ना नर्स, ना नात्यातली. ती पाठ चोळी, हात धरी, बोलत राही. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णालयात दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंतचा सरासरी वेळ एकट्या स्त्रियांत १९.३ तास, तर सोबत असलेल्यांत ८.८ तास होता. पाहणी लहान होती, अवघ्या ४० स्त्रियांची. पण पुढे १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही अखंड सोबतीचे लाभ दिसून आले.

२४.
२००२ मध्ये कॅनडाच्या एलन हॉडनेट यांनी बाळंतपणातील समाधानावरील १३७ अहवालांचा आढावा घेतला. समाधान सर्वाधिक ठरवणाऱ्या गोष्टी चार निघाल्या : स्त्रीच्या स्वतःच्या अपेक्षा, मिळालेला आधार, शुश्रूषा करणाऱ्यांशी असलेले नाते आणि निर्णयातील सहभाग. वेदना आणि वेदनाशमन यांचा प्रभाव यांच्यापुढे कमी पडला. म्हणजे वेदना क्षुल्लक, असा याचा अर्थ नव्हे. पण त्या वेदनेत आपण एकटे आहोत आणि आपल्याला कोणी विचारत नाही, ही जाणीव अधिक खोल रुतते.

२५.
जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या शुश्रूषेविषयी ५६ शिफारशी केल्या. 'सकारात्मक प्रसूती अनुभव' हे उद्दिष्ट त्यांच्या शीर्षकातच आहे. आदराची वागणूक, समजेल असा संवाद, पसंतीची सोबत या बाबी तेथे वैद्यकीय शिफारशींच्या बरोबरीने येतात. भारतात २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवण्यास केंद्राने मान्यता दिली. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने प्रसूतिकक्षातील सन्मानाच्या वागणुकीवर भर दिला. कागदावरील हे वचन प्रत्येक प्रसूतिकक्षापर्यंत पोहोचणे, हे काम पुढचे आहे.

२६.
पहिल्या बाळंतपणासाठी मुलीला माहेरी आणण्याची आपल्याकडील रीत या प्रकाशात पुन्हा पाहण्यासारखी आहे. आई, मावशी, ओळखीची सुईण : शास्त्राने ज्याला 'अखंड सोबत' म्हटले, त्याची घरगुती आवृत्ती तिथे होती. नव्हती ती सुरक्षिततेची हमी. रुग्णालयाने ती हमी बऱ्याच अंशी दिली आणि सोबत मात्र दाराबाहेर बसवली. दोन्ही एकाच खोलीत आणता येतात, हे गेल्या शतकाने दाखवून दिले आहे.

२७.
राणीला क्लोरोफॉर्म मिळाले कारण ती राणी होती. पुण्यातील निराधार विधवेला निवड मिळाली कारण दोन माणसांनी ती तिला देऊ केली. या दोन टोकांच्या मध्ये जगातील बहुतेक स्त्रिया बाळंत झाल्या, आणि त्यांतील फारच थोड्यांना कोणी काही विचारले. तेव्हा पुढच्या वेळी घरात "मोकळी झाली" ही बातमी आली, की बाळाच्या वजनाआधी आणखी एक प्रश्न विचारता येईल : तिला सोबत कोण होते, आणि तिचे कोणी ऐकले का?

#इतिहास #बाळंतपण #सावित्रीबाई_फुले

(थ्रेड समाप्त)